मनास: पाच लाख ओळी तोंडपाठ की जागच्या जागी रचलेल्या?

गाभुळलेली चिंच

नमस्कार मंडळी.

माझा भाचा बिश्केकला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली किरगिझस्तानला जातात, त्यातलाच एक. नोरूझच्या दिवशी त्याने चौकातला एक व्हिडिओ पाठवला. आठ-नऊ वर्षांचं पोर, डोक्यावर पांढरी उंच लोकरी टोपी, समोर माइक. वाद्य नाही, कागद नाही. सुरुवात पुटपुटल्यासारखी, मग आवाज चढत गेला, उजवा हात तलवारीसारखा फिरायला लागला आणि डोळे असे लागले की याला समोर काहीतरी दिसतंय असं वाटावं. सात मिनिटं चाललं होतं. श्वास कुठे घेतला ते तीनदा बघूनही मला सापडलं नाही.

भाच्याला किरगिझ येत नाही, रशियनही जेमतेम. तो म्हणाला, "मावशी, याला मनास म्हणतात. इथे पाच लाख ओळी पाठ असलेली माणसं होऊन गेलीत."

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मनाचे श्लोक २०५ आहेत. त्यातले पंचवीस पाठ करून घेताना मुलांना आणि मला दोघांनाही घाम फुटायचा. म्हणून दोन शंका:

पहिली, पाच लाख ओळी खरोखर पाठ होतात का? की यात काही वेगळी गोम आहे?

दुसरी, भाचा म्हणतो तिथे विमानतळ मनास, रस्ता मनास, चौकात पुतळाही मनासचाच. मग हे अजून लोकांचं गाणं आहे की प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथासारखं सरकारी झालंय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टपरीवरचा चहा

मनास वाटेल ते म्हणतात म्हणून मनास. प्रश्न मिटला. (हलके घ्या.)

मिष्किल मांजर

मी रामचरितमानस समजून आत आले. आले तशी बसते आता. कोणीतरी पॉपकॉर्न आणा.

बोरूबहाद्दर

चिंचताई, धागा छान. थोडं लांब लिहितो.

मनास हा किरगिझांचा महाकाव्य-नायक. त्याची, त्याच्या मुलाची आणि नातवाची अशी तीन पिढ्यांची कथा: मनास, सेमेतेय, सेय्तेक. अल्ताईकडे पांगलेल्या टोळ्या एकत्र करून तो त्यांना तलासच्या खोऱ्यात आणतो, हा गाभा. जन्मताना मुठीत रक्ताची गुठळी, सोबतीला चाळीस साथीदार, आक्कुला नावाचा घोडा, कानिकेय नावाची बायको (हिच्याकडे लक्ष ठेवा), समोर कोंगुरबाय हा शत्रू. हे सांगणाऱ्याला मनासची म्हणतात. तो वाद्य घेत नाही. कोमूज नावाची तीन तारांची वीणा असते ती अकिनांची, म्हणजे तिकडच्या शीघ्रकवींची. मनासचीकडे आवाज, हात आणि चेहरा एवढंच भांडवल.

आता आकडे. सागिम्बाय ओरोझबाकोव (१८६७-१९३०) यांच्या तोंडून १९२२ ते १९२६ या काळात नुसता पहिला भाग उतरवून घेतला, तो सुमारे १ लाख ८० हजार ओळींचा. सायाकबाय कारालायेव (१८९४-१९७१) यांची तिन्ही भागांची संहिता ५,००,५५३ ओळींची. भाचा म्हणतो ते हेच पाच लाख. इलियड आणि ओडिसी एकत्र केले तर अठ्ठावीस हजार ओळी होत नाहीत, म्हणजे अठरा पट झालं.

एक मेख लक्षात घ्या. ५,००,५५३ हा आकडा लिहून घेतलेल्या कागदांचा आहे. सायाकबायच्या डोक्यात "एवढ्या ओळी" अशी गोष्टच नव्हती. तोच प्रसंग त्याने दुसऱ्या दिवशी सांगितला असता तर ओळी वेगळ्या आल्या असत्या, कमी किंवा जास्त. विहिरीला मीटर लावून "या विहिरीत इतके लिटर" म्हणण्यासारखं आहे ते.

ओळ साधारण सात-आठ अक्षरांची. मनासचीला पाठ असतात ते साचे: घोड्याचं वर्णन, चिलखत चढवणं, सैन्याची धूळ, दूताचा निरोप. प्रसंगांचा क्रमही पक्का. या दोहोंच्या मधलं तो बोलता बोलता भरतो.

टपरीवरचा चहा

म्हणजे आमच्या साहेबांचं भाषण. साचे पाठ, मधलं काहीही.

शेवंता ८१

एक भाबडा प्रश्न. 'मनासची' म्हणजे मनासची कोण? षष्ठी विभक्ती अर्धवट सोडल्यासारखी वाटते.

बोरूबहाद्दर

शेवंता, ही 'ची' आपल्या घरातली आहे. तोपची, मशालची, खजांची. तुर्की भाषांमधला कर्तेपणाचा प्रत्यय, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. तोफेचं काम करतो तो तोपची, मनास सांगतो तो मनासची.

शेवंता ८१

अगंबाई! मग मी इथली धागाची.

उनाडटप्पू

मंडळी, उघड आहे ते कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मनास, मानस, मानसरोवर. चाळीस साथीदार, मुठीत रक्त घेऊन जन्म. हे मुळात आपलंच महाकाव्य आहे, तिकडे गेल्यावर बदललं. महाभारताहून मोठं वगैरे प्रचाराला बळी पडू नका.

नेमस्त

टप्पूशेठ, उच्चारसाम्यावर मालकी ठरणार असेल तर मनमाडसुद्धा किरगिझांना द्यावं लागेल.

आणि मोठं-लहान कशासाठी? महाभारत लाखभर श्लोक, म्हणजे दोन लाख ओळी धरा. सायाकबायची संहिता अडीच पट. त्याने महाभारत लहान होत नाही की मनास थोर होत नाही. ट्रकच्या मागे 'लंबाई' लिहितात तसं आहे हे.

उनाडटप्पू

मनमाडला जंक्शन आहे, ते देणार नाही.

संबळवाला

वाचनमात्र असतो, पण बोरूबहाद्दर यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

मी आता बँकेत आहे, पण घर गोंधळ्यांचं. वडिलांबरोबर आठवीपर्यंत दिवट्या धरून गावोगाव गेलोय. रात्री दहाला चौक मांडायचा, पहाटे आरतीला उठायचं. मधलं आख्यान कधी दोन तास, कधी पाच. मी एकदा विचारलं, "आबा, येवढं पाठ कसं ऱ्हातं?" ते संबळेची दोरी आवळत म्हणाले, "पाठ कुठं आसतंय? वाट ध्यानात ठिवायची. कुठं पानी, कुठं चढ, मुक्काम कुठं. चालायचं त्या त्या दिशी."

आणखी एक सांगतो. यजमान पाटील असला की आबांच्या आख्यानात राजाच्या दरबारात एक पाटील उभा राहायचा, पागोटं वगैरे घालून, आणि राजा त्याला मान द्यायचा. कासार असला की देवीच्या हातातल्या चुड्याचं वर्णन लांबायचं. यजमान खूश, बिदागी वाढायची. लहानपणी मला ती लबाडी वाटायची. मनासमध्ये असलं काही असतं का?

बोरूबहाद्दर

संबळवाले, दंडवत! तुम्ही विचारलंत त्याचा लेखी पुरावा आहे.

राडलोव्ह नावाचा जर्मन वंशाचा अभ्यासक रशियन सरकारच्या नोकरीत होता. १८६० च्या दशकात त्याने किरगिझांकडून हे काव्य उतरवून घेतलं, १८८५ मध्ये छापलं. (त्याच्याही आधी, १८५६ मध्ये, चोकान वालीखानोव या कझाक अधिकाऱ्याने एक प्रसंग टिपून ठेवला होता.) राडलोव्हच्या लक्षात आलं की त्याला सांगितल्या जाणाऱ्या कथेत मनास हा गोऱ्या झारचा, म्हणजे रशियाच्या सम्राटाचा, दोस्त झालाय! समोर सरकारी साहेब बसलाय, त्याला बरं वाटावं म्हणून गायकाने झारला आत आणून बसवलं. तुमच्या आबांचा पाटील आणि हा झार, एकाच दरवाज्याने आत आले.

राडलोव्हने हेही लिहिलंय की श्रीमंत, खानदानी श्रोते बसले असतील तर गायक त्यांच्या कुळाची स्तुती गुंफतो. आणि "सावकाश सांग, मी लिहून घेतोय" म्हटलं की गायकाचा धागा तुटतो, मजकूर कोरडा होतो. पुढे होमरच्या काव्याचा उलगडा करू पाहणाऱ्या मिलमन पॅरीला राडलोव्हच्या या निरीक्षणांचा मोठा आधार मिळाला. म्हणजे तलासच्या तंबूतलं गाणं ग्रीकांच्या अभ्यासात उपयोगी पडलं.

कोरा कागद

इथे थोडा विरोधी सूर लावतो.

'सगळं उत्स्फूर्त' ही सुद्धा विद्वानांची आवडती गोष्ट आहे. चीनमधल्या शिनच्यांगचे जुसुप मामाय (१९१८-२०१४) बघा. त्यांच्या थोरल्या भावाने, बालबायने, मनासचींकडून ऐकून हस्तलिखितं जमवली होती. जुसुपने लहानपणापासून ती वाचून पाठ केली. वाचून! मनासच्या आठ पिढ्यांची कथा, २ लाख ३० हजारांहून अधिक ओळी. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत कागद गेले, माणूस राहिला. नंतर त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं आणि १९८४ ते १९९५ या काळात ते १८ खंडांत छापलं गेलं.

हे पाठांतर नाही तर काय? वेदपाठी ब्राह्मण एक काना इकडचा तिकडे करत नाही, तसं नसेल, पण शाहिराच्या शीघ्रकवित्वाच्या हा माणूस नक्कीच पलीकडे आहे.

नेमस्त

कागद यांना +१. दोन्ही टोकं चूक. आणि त्यांच्याकडे पायऱ्या आहेत त्यासाठी. शिकाऊ तो उयरोनच्युक. काही प्रसंग येणारा तो चाला मनासची, 'चाला' म्हणजे अर्धामुर्धा. पूर्ण कथा आपल्या अंगाने सांगणारा चिनिगी, म्हणजे खरा. त्याच्या वर चोंग, म्हणजे थोर. उयरोनच्युक पाठच करतो. चिंचताईंच्या व्हिडिओतलं पोर या पायरीवर असणार. चोंग पाठ केलेलं मोडतो.

टपरीवरचा चहा

मी चाला संपादक आहे. अर्ध्या धाग्यांवर कधीपासून बसलोय.

घाटवाट

२०१८ साली तलासला गेलो होतो, त्याचं थोडं लिहितो. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

बिश्केकहून टॅक्सी केली. त्यो-आशू खिंडीत तीन हजार मीटरच्या वर एक अंधारा बोगदा आहे, त्यातून पलीकडे निघालं की सुसामिरचं पठार. झाड नाही, फक्त गवत, घोडे आणि रस्त्याकडेला पांढरे गोल तंबू, प्रत्येकासमोर किमिझच्या बाटल्या मांडलेल्या. किमिझ म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. मी प्यालो. चव म्हणजे ताकात कोणीतरी चुलीतली राख विझवलीय. दुसरा ग्लास मागितला, हे कबूल करतो.

तलासजवळ मनास ओर्दो आहे. तिथे मनासची समाधी म्हणतात ती विटांची घुमटी, वर शंकूसारखं कळसाचं छत, दर्शनी भागावर भाजलेल्या मातीची नक्षी. १३३४ सालची. गंमत अशी की त्यावरच्या लेखात नाव मनासचं नाही, केनिझेक खातून नावाच्या बाईचं आहे. हे विचारल्यावर आमच्या चालकाने एका दमात उत्तर दिलं: कानिकेयने मुद्दाम बाईचं नाव कोरलं, शत्रूंनी थडगं उकरू नये म्हणून! तो इतका सहज बोलला की जणू शेजारच्या वहिनींची हुशारी सांगतोय.

इतिहासकार म्हणणार ही बाईचीच कबर. मला तेव्हा चालकाशी वाद घालावासा वाटला नाही.

बिनधास्त आज्जी

ही कानिकेय बाई मला आवडायला लागली आहे. बोरूबहाद्दर, "लक्ष ठेवा" म्हणालात आणि विसरलात. सगळीकडे तलवारी आणि घोडे. बायकांचं काय ते सांगा.

बोरूबहाद्दर

आज्जी, चुकलो.

मला सगळ्यात आवडणारा प्रसंग कोकोतोयच्या श्राद्धाच्या मेजवानीतला, वालीखानोवने टिपला तीच ही मेजवानी. जगभरचे पाहुणे, शर्यती, कुस्त्या. शत्रूचा अवाढव्य पहिलवान जोलोय शड्डू ठोकून उभा. त्याच्याशी लढायला कोणी तयार होईना. शेवटी म्हातारा कोशोय म्हणतो, मी लढतो, पण माझ्या मापाची कुस्तीची विजार कुठाय? कोणाचीही त्याच्या मांडीवर चढेना. मग कानिकेयने शिवून ठेवलेली चामड्याची विजार आणतात, ती त्याला होते. म्हातारा इतका हरखतो की हात पसरून दुवा देतो: हिची कूस उजवू दे. कानिकेयला तोवर मूल नसतं. त्या दुव्यातून पुढे सेमेतेय. म्हणजे तिन्ही पिढ्यांचं महाकाव्य पुढे सरकतं ते एका विजारीच्या शिवणीवर.

दुसरा प्रसंग तायतोरूचा. मनास गेल्यावर त्याचेच भाऊबंद उलटतात, कानिकेय सासूला आणि तान्ह्या सेमेतेयला घेऊन माहेरी बुखाऱ्याला पळते. पोर बारा वर्षांचं झाल्यावर ती म्हाताऱ्या तायतोरू घोड्याला शर्यतीत उतरवते आणि पुरुषाचा वेश करून स्वतः त्यावर बसते. घोडा जिंकला तर पोराचं नशीब उघडेल असा कौल लावलेला. सायाकबायच्या तोंडचा हा प्रसंग किरगिझ लोकांना आजही रडवतो.

बिनधास्त आज्जी

बाळाला पाठीशी बांधून घोड्यावरची बाई म्हटली की आपल्याला एकच चित्र दिसतं. इथे पोर मोठं झाल्यावर आईच घोड्यावर. झकास! पण सांगणारे सगळे पुरुषच का?

नेमस्त

बहुतेक. पण सेयदेने मोल्दोके किझी या बाई नावाजलेल्या होत्या, विशेषतः सेमेतेय सांगण्यात.

शेवंता ८१

विजारीच्या प्रसंगावर मी फिदा आहे. आमच्या सासऱ्यांना कोशोय म्हणायला लागले तर चालेल का?

कोरा कागद

चिंचताईंचा दुसरा प्रश्न कोणीच घेतला नाही, म्हणून मी घेतो.

सरकारचं आणि मनासचं नातं चुलत्या-पुतण्यासारखं आहे. कधी गळ्यात गळा, कधी कोर्टात. सोव्हिएत काळात आधी उतरवून घेतलं (त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत, सागिम्बायच्या तोंडचं लिहून घेणारा इब्राइम अब्दिराख्मानोव शाळामास्तर होता, चिंचताई). मग १९५२ मध्ये फ्रुंझेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, परिषद भरली. आरोप: मनास धर्मवेडा, राष्ट्रवादी, सरंजामी. मुख्तार औएझोव हे कझाक लेखक बाजूने उभे राहिले. बंदी टळली, पण कात्री लागली. १९५८ पासून जी एकत्रित आवृत्ती निघाली ती वेगवेगळ्या मनासचींचे तुकडे जोडून, 'नको ते' काढून केलेली.

स्वातंत्र्यानंतर लंबक उलटा. १९९५ मध्ये मनासची सहस्राब्दी, संयुक्त राष्ट्रांच्या ठरावासकट. हजार वर्षं कशी मोजली? १९४० च्या दशकात याच काव्याची अकराशे वर्षं साजरी करायची तयारी चालली होती! पन्नास वर्षांत वय शंभराने कमी झालं, असं भाग्य कोणाला मिळतं? ध्वजावर चाळीस किरण चाळीस टोळ्यांचे. ५०० सोमच्या नोटेवर सायाकबाय. मुख्य चौकात २०११ पासून मनासचा अश्वारूढ पुतळा. त्याच साली मनासच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा.

म्हणून माझं मत: चित्ररथ झालाय. कायद्याने रक्षण करावं लागतं ते आतून पोकळ झालेलं असतं.

घाटवाट

ध्वजावरून आठवलं. किरण आधी नागमोडी होते, सूर्यफुलासारखे दिसतात अशी तक्रार झाली. त्यांच्याकडे सूर्यफूल म्हणजे जिकडे सूर्य तिकडे तोंड, लाळघोटा. डिसेंबर २०२३ मध्ये किरण सरळ केले.

टपरीवरचा चहा

आमच्या नगरपालिकेत सूर्यफुलांचीच बाग आहे. किरण कोण सरळ करणार?

नेमस्त

कागद, 'पोकळ' म्हणायची घाई नको. कायद्याआधी दोन वर्षं काय झालं बघा. २००९ मध्ये चीनने मनासची नोंद युनेस्कोच्या यादीत आपल्या नावाने करून घेतली. शिनच्यांगमध्ये किरगिझ राहतात, जुसुप मामाय तिथलेच, त्यामुळे खोटं काहीच नव्हतं. पण बिश्केकमध्ये लोकांना वाटलं की आपल्या आजोबांचा सात-बारा शेजाऱ्याच्या नावावर झाला. किरगिझस्तानची तिन्ही भागांची नोंद २०१३ मध्ये झाली. मधल्या काळातला तो कायदा आहे. आणि मनासमध्ये शत्रू कोण, तर चीनचा कोंगुरबाय. आता नोंद कोणी केली? अशा वेळी पुतळे उभे राहणारच.

शिवाय मनासचा सगळ्यात जिवलग साथीदार अल्मांबेत हा शत्रूच्या देशातून फुटून आलेला राजपुत्र आहे. चित्ररथवाल्यांना हे अवघड जातं. काव्य त्याला मनासच्या शेजारी बसवतं.

संबळवाला

कागदसाहेब, चित्ररथावर आमचेही गोंधळी नाचलेत. वडील नव्हते, चुलते होते. चार मिनिटं दिलेली, संबळ रेकॉर्डवर, हातात पोत पण पेटवायची परवानगी नाही. घरी येऊन चुलते म्हणाले, "लई चांगलं झालं, जेवण बी होतं." त्याच आठवड्यात परंड्याकडे त्यांनी रात्रभर गोंधळ घातला. दोन्हीही तेच. चित्ररथामुळे गोंधळ संपला नाही. पोरं शिकून बाहेर पडली, मी बँकेत गेलो, त्याने कमी झाला. सरकारवर ढकलायचं तर खुशाल ढकला.

मिष्किल मांजर

संबळवाले, तुम्ही वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बोरूबहाद्दर

कागद यांच्यासाठी एक. किरगिझ लेखक चिंगीझ ऐतमातोव सायाकबायबरोबर एकदा एका सामूहिक शेतावर गेले होते. गर्दी इतकी की सभागृहात मावेना, म्हणून उघड्यावर. सांगता सांगता पाऊस आला. तो थांबला नाही आणि कोणी उठलं नाही, सगळे भिजत ऐकत राहिले. ही आठवण सोव्हिएत काळातली, म्हणजे कात्री लागल्यानंतरची.

कोरा कागद

मान्य. पण तो सायाकबाय होता. मी आजच्या विमानतळाबद्दल बोलतोय.

शेवंता ८१

मनासची होतात कसे? शाळा असते? नेमस्त यांनी पायऱ्या सांगितल्या, दाखला कोण देतं?

नेमस्त

स्वप्न. त्याला आयान म्हणतात. झोपेत मनास, कानिकेय किंवा साथीदार दिसतात आणि "सांग" म्हणतात. सांगितलं नाही तर आजारपण येतं अशी समजूत. सायाकबायबद्दल सांगतात की वाटेतला काळा खडक त्याला पांढरा तंबू झालेला दिसला. प्रत्यक्षात बहुतेकांनी एखाद्या थोर मनासचीच्या पायाशी वर्षानुवर्षं घालवलेली असतात, पण विचारलं तर स्वप्नच सांगतात. गुरूचं नाव सांगण्यापेक्षा मनासचं नाव सांगणं वजनदार.

बिनधास्त आज्जी

अंगात येणं. यात नवीन काय? आमच्या गल्लीत दर मंगळवारी.

बोरूबहाद्दर

चिंचताईंनी ध्वनीवर काही विचारलं नाही, पण मराठीच्या बाई आहेत म्हणून हे द्यावंसं वाटतं. मनासची सुरुवातीला परंपरेने म्हणतात त्या ओळी, देवनागरीत जमेल तशा:

जारिमी तोग्युन, जारिमी चिन,
जारानदारदिन कोनू उच्युन.
जानिंदा तुर्गान किशी जोक,
जालगानी मेनेन इशी जोक.

अर्धं खोटं, अर्धं खरं, जमलेल्या मंडळींच्या मनाखातर. शेजारी उभा राहून पाहिलेला कोणी नाही, मग खोट्याची पर्वाही नाही.

चारही ओळी 'जा'ने सुरू होतात बघा. आपण यमक शेवटी जुळवतो, त्यांचा अनुप्रास ओळीच्या तोंडाशी असतो आणि यमक शिवाय असतंच. मनासची पुढची ओळ शोधतो ती या अक्षराला धरून. पहिलं अक्षर सापडलं की घोडा सुटला. वेगाने म्हटल्या जाणाऱ्या लयबद्ध गद्याला ते जोर्गो सोझ म्हणतात. जोर्गो म्हणजे रवाळ चालीचा घोडा, स्वाराच्या पोटातलं पाणी न हलवणारा.

टपरीवरचा चहा

"अर्धं खोटं, अर्धं खरं" हे या संस्थळाच्या मुखपृष्ठावर टाका. आणि 'जोक' म्हणजे 'नाही' हे कळल्यावर माझे सगळे जोक रद्द झाले.

उनाडटप्पू

मला आवडल्या ओळी. मानसरोवराचं मागे घेत नाही, पण आवडल्या.

गाभुळलेली चिंच

उशिरा येते, माफी. घरी रंगकाम चाललं होतं. सगळे प्रतिसाद वाचले, दोनदा. संबळवाल्यांचा भाच्याला फोनवर वाचून दाखवला.

त्याने दरम्यान एक उद्योग केला. त्याची घरमालकीण सत्तरीच्या पुढची, नारिनकडची. तिला तो व्हिडिओ दाखवला. मध्ये दुभाषी म्हणून तिची नात, तिला इंग्रजी येतं. आजीबाईंनी चष्मा लावून पूर्ण पाहिला, मध्ये एकदा ओठ हलवले, आणि म्हणाल्या, "छान पाठ केलंय." नातीला वाटलं कौतुक आहे. मग आजी म्हणाल्या, "समोर कोण बसलंय ते बघतच नाही तो. मोठा झाला की बघेल." नेमस्त म्हणाले तेच, उयरोनच्युक.

कोरा कागद यांचा चित्ररथाचा मुद्दाही भाच्याने विचारला, जमेल तसा. आजीबाई म्हणाल्या, पुतळा त्यांना आवडत नाही, घोडा बारीक झालाय. आणि मग जेवण करता करता त्यांनी कोशोयच्या विजारीची गोष्ट सांगितली. बोरूबहाद्दर, आज्जी, त्यांच्या गोष्टीत कानिकेयने विजारीचं चामडं किती दिवस मळलं, कशाने रंगवलं, शिवण दुहेरी कशी घातली, याचंच वर्णन दहा मिनिटं चाललं. नातीने विचारलं, हे पुस्तकात नाहीये? आजी म्हणाल्या, मी चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, पुस्तकवाल्याने केलं होतं का?

नंतर त्यांनी उलट विचारलं, तुमच्याकडचं काहीतरी म्हण. आमचं ध्यान गडबडलं. शेवटी माझ्या धाकाने लहानपणी पाठ केलेले मनाचे श्लोक सुरू केले. दोन आले. तिसऱ्याला गाडी अडली. आजीबाई समोर पेला धरून ऐकत बसलेल्या, थांबणार कसं? म्हणून त्याने तिसरा तिथल्या तिथे रचला. त्यात "मना सज्जना" आहे, बिश्केकचा बर्फ आहे, आणि घरमालकिणीच्या हातच्या मेंढीच्या रश्श्याची तारीफ आहे.

काल मला फोनवर म्हणून दाखवला. मी बोटांवर मोजला. भुजंगप्रयात बरोबर आहे, एक लघू सोडून.